ढ म्हणण्याआधी: वर्गातली दरी कुठून आली, हे शोधायची माझी पद्धत

५०३ वजा २८७. एका मुलाने उत्तर लिहिलं होतं ३८४. मी लाल फुली मारली आणि पुढची वही ओढली. त्याच गठ्ठ्यात आणखी दोघांचं उत्तर ३८४ निघालं, तेव्हा मनात आलं ते एवढंच, की एकमेकांचं बघून लिहिलंय. तिघं वर्गाच्या तीन टोकांना बसतात, हे लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला.

३८४ येतं कसं? प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला की येतं. पाचातून दोन गेले तीन, आठातून शून्य गेलं आठ, सातातून तीन गेले चार. वरचा अंक कोणता नि खालचा कोणता, याची फिकीर नाही. म्हणजे ही मुलं गोंधळलेली नव्हती. ती एक नियम पाळत होती, तोही इमानेइतबारे. नियमच चुकीचा होता. आणि तो त्यांना शिकवला कुणी? आपणच. एकअंकी वजाबाकी शिकवताना ‘मोठ्यातून लहान काढायचं’ असं आपण वर्षभर म्हणत असतो. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. मुलांच्या बऱ्याचशा चुकांना ठरलेली रीत असते, हे त्यातून दिसलं. मला हे कळलं तेव्हा गणित शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत किती ३८४ वर फुल्या मारल्या, देव जाणे.

पुढची मुलं आणि मागची मुलं यांच्यातलं अंतर गुणांत दिसतं, त्याचं कारण गुणांत दिसत नाही. शिक्षकखोलीत मात्र कारण तयारच असतं: घरी वातावरण नाही, लक्ष देत नाही, पायाच कच्चा. तिन्ही खरं असू शकतं. पण यातल्या एकाही वाक्यावरून उद्याच्या पहिल्या तासाला काय करायचं ते कळत नाही. म्हणून मी एक वही घातली, दर मुलामागे एक पान. पद्धत हळूहळू जमत गेली. एका वर्गाला साधारण सहा आठवडे लागतात, रोजची वीसेक मिनिटं. वर्ग मोठा असेल तर सगळी मुलं घेऊ नका; तळाची दहा घ्या आणि वरची तीन. वरची कशाला, ते पुढे सांगते.

दरी कधी पडली ते आधी बघा

कार्यालयातून मागच्या तीन वर्षांचे निकाल काढा. गुण बघू नका, कारण दर परीक्षा सारखी अवघड नसते. वर्गातला क्रमांक बघा. प्रत्येक मुलाची एक रेघ काढा. काही रेघा पहिल्यापासून खालीच असतात. काही हळूहळू उतरतात. आणि काही पायरी तुटावी तशा एकदम खाली येतात.

ही एकदम घसरलेली मुलं आधी घ्या. तिथे बहुधा काहीतरी घडलेलं असतं: लांबलेला आजार, शाळेची बदली, माध्यम बदलणं, घरातलं मरण. त्या मुलाला शिकण्याची अडचण नसते, त्याचे मधले काही महिने गळलेले असतात. कोणते महिने ते समजलं की त्या काळात कोणते धडे झाले ते समजतं, आणि मग भरपाई आटोक्यात येते. माझ्या एका विद्यार्थिनीला अपूर्णांक अजिबात येत नव्हते, बाकी सगळं येत होतं. हजेरीपट काढला तर अपूर्णांक सुरू झाले त्या आठवड्यापासून पाच आठवडे गैरहजर. दोन वर्षं सगळे तिला ‘गणितात कच्ची’ म्हणत होते.

हळूहळू उतरणाऱ्या रेघांमागे कारण एकच नसतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

इथे एक जुना अहवाल सांगायला हवा, कारण त्याचा अर्धाच भाग सगळ्यांना आठवतो. जेम्स कोलमन यांच्या गटाने अमेरिकेतली सहा लाखांवर मुलं आणि सुमारे चार हजार शाळा पाहून १९६६ साली तो दिला. इमारती, ग्रंथालयं, खर्च यांतल्या फरकावरून गुणांतला फरक उलगडेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. दिसलं असं, की घरच्या पार्श्वभूमीचं वजन त्याहून जास्त. हे वाक्य आपल्याला पाठ आहे, कारण ते सोयीचं आहे. दुसरं वाक्य असं, की शाळाशाळांमधल्या फरकापेक्षा एकाच शाळेतल्या मुलामुलांमधला फरक मोठा. म्हणजे शोधायचं ते पलीकडच्या शाळेशी तुलना करून सापडणार नाही, आपल्याच चार भिंतींत बघावं लागेल.

उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा, गुण न देता

तपासून झालेला गठ्ठा पुन्हा घ्या आणि चुकलेल्या उत्तरांचे तीन ढीग करा. काहीतरी रीत धरून चुकलेली. घाईत चुकलेली. कोरी सोडलेली. घाईतल्या चुका वरच्या मुलांच्याही असतात, त्या सोडून द्या. रीत धरून चुकलेल्यांना समोर बसवा आणि म्हणा, ‘हे कसं केलंस, मला शिकव.’ ‘का चुकलास’ असं विचारलंत तर मूल खोडरबर शोधायला लागतं.

कोऱ्या जागांसाठी माझ्याकडे एकच चाचणी आहे आणि या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती घ्या. मुलाने सोडून दिलेली किंवा चुकवलेली पाच शाब्दिक उदाहरणं निवडा. ती त्याला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा. समजावू नका, बोटांवर मोजून दाखवू नका, भुवया उंचावू नका. फक्त वाचा. मग तीच उदाहरणं नुसत्या आकड्यांत घाला. मुलाने ऐकून तीन-चार बरोबर सोडवली, तर त्याचं गणित शाबूत आहे आणि वाचन अडलंय. आकड्यांत जमलं पण ऐकून जमलं नाही, तर भाषेचा अर्थ लागत नाहीये. दोन्हीकडे अडलं तर गणित. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ‘गणितात नापास’ म्हणून दिलेल्या आठ मुलांपैकी तिघांना गणित येत होतं. गणिताच्या जादा तासाला मी त्यांना गणितच शिकवत होते, तेही फळ्यावर लिहून, म्हणजे पुन्हा वाचायलाच लावून.

वाचन अडत असेल तर एक मिनिट वाचून घ्या, दोन इयत्ता खालच्या पुस्तकातून. शब्द मोजाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूल अक्षरं जुळवण्यात किती दमतं ते बघा. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली असेल तर अर्थ लागणार कसा? कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली या चक्राचं नीट वर्णन केलं: ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, जास्त वाचल्याने शब्द वाढतात, शब्दांमुळे पुढचं वाचन सोपं होतं. ज्याला येत नाही तो टाळतो. दोघांमधलं अंतर कुणी काहीही न करता दरवर्षी वाढतं.

भाषेचा अर्थ लागत नसेल तर अवघड शब्द शोधू नका, सोपे शोधा. ‘पेक्षा’, ‘प्रत्येकी’, ‘उरले’, ‘निम्मे’. ‘एकीकडे १२ पुस्तकं आहेत, दुसरीपेक्षा ती ४ने जास्त आहेत, तर दुसरीकडे किती?’ असं विचारलं की वर्गातली बरीच मुलं १६ म्हणतात. ‘जास्त’ ऐकलं की बेरीज. हेही आपणच शिकवलंय, खुणेचे शब्द म्हणून तक्त्यावर लिहून.

आणि वाचनाचा उतारा निवडताना जपा. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावावरचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपण उतारा समजला का म्हणून तपासतो, तेव्हा पुष्कळदा त्या मुलाने याआधी काय पाहिलंय तेच तपासत असतो. म्हणून मी दोन उतारे देते: एक पुस्तकातला, एक मुलाच्या ओळखीच्या विषयावरचा.

इथेच कुणीतरी ‘तीन कोटी शब्दां’ची गोष्ट काढतं, म्हणून दोन शब्द. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंदाज होता, की सुस्थितीतल्या घरातलं मूल शाळेत येण्याआधीच गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकतं. कुटुंबं होती ४२. पुढे २०१८ साली डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी मुलाच्या कानावर पडणारं घरातल्या इतरांचं बोलणंही मोजलं, तेव्हा चित्र बरंच बदललं. घरात बोलणं महत्त्वाचं आहेच. पण एका अंदाजाच्या जोरावर समोरच्या आईला ‘तुम्ही बोलत नाही’ असं सांगायला जाऊ नका. मी एकदा सांगितलंय. ती माझ्यापेक्षा चौपट बोलत होती.

डोळे, कान, झोप

इथे फार लिहिण्यासारखं नाही, पण हे आधी न बघता बाकी सगळं बघणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. मुलाला शेवटच्या बाकावरून फळ्यावरची ओळ उतरवायला सांगा, मग तीच ओळ वहीतून. चुकांमध्ये फरक पडला तर डोळे तपासून घ्यायला सांगा. त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात एक सूचना द्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांचं ऐकणं काही आठवडे कमी होतं, परत येतं, आणि तोवर त्याला ‘लक्ष नसतं’ ही पाटी लागलेली असते. पहिल्या तासाला पेंगणाऱ्याला रात्री किती वाजता झोपलास ते विचारा. रागावून नको.

जन्मतारखाही उतरवून घ्या. एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं असतात. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्युए यांनी २००६ साली अनेक देशांची आकडेवारी पाहिली, तर चौथीच्या वर्गातली सर्वांत लहान मुलं सर्वांत मोठ्यांच्या तुलनेत ४ ते १२ शततमकांनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत तितक्या जागांनी, मागे होती, आणि आठवीतही अंतर पुरतं मिटलेलं नव्हतं. खालच्या इयत्तेत तळाच्या दहांतली चारपाच मुलं वयाने लहान निघाली, तर त्यांची पानं तूर्त बाजूला ठेवा.

हजेरी: किती नव्हे, कधी

महिन्याला दोन दिवस गैरहजेरी कुणाच्या डोळ्यात येत नाही. दहा महिन्यांत ते वीस दिवस होतात. पण मी आकड्यापेक्षा वार बघते. एक मुलगा दर सोमवारी नसायचा, आणि नवा घटक मी सोमवारीच सुरू करत असे. त्याचा सोमवार मला बदलता आला नाही, कारण तो घरातल्या कामाच्या पाळीशी बांधलेला होता. मी नवा घटक मंगळवारी सुरू करायला लागले. इतकं सोपं होतं.

मोठ्या सुट्टीचंही बघून घ्या. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डोरिस एंटविसल आणि कार्ल अलेक्झांडर यांनी १९८२पासून मुलांच्या एका तुकडीचा पाठपुरावा केला. त्यांना दिसलं, की शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतली मुलं जवळजवळ सारखीच पुढे सरकतात. अंतर वाढतं ते सुट्टीत. नंतरच्या चाचण्यांनी हे चित्र इतकं स्वच्छ दिसत नाही, यावर वाद आहे. आपल्याला वादात पडायची गरज नाही. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात तीच चाचणी घ्या, आपल्या वर्गाचं उत्तर आपल्याला मिळतं.

आता वरची तीन

पहिल्या क्रमांकाच्या मुलीला मी विचारलं, हा घटक तुला इतका चटकन कसा समजला? ती म्हणाली, ‘बाई, हे आमचं आधीच झालंय.’ शिकवणीत झालं होतं. दुसऱ्याला मोठी बहीण शिकवत होती. तिसरा खरोखर माझ्या तासाला पहिल्यांदा ऐकत होता. म्हणजे मी ज्यांच्या चेहऱ्यांकडे बघून ‘वर्गाला समजलं, पुढे जाऊ’ असं ठरवत होते, त्यातल्या दोघांची ती उजळणी होती. माझा वेग उजळणीचा होता, आणि बाकीचा वर्ग त्या वेगाने पहिल्यांदा शिकत होता.

गरिबीने मूल मागे पडतं असं आपण म्हणतो. खरं आहे, पण गरिबी कोणत्या वाटेने वहीपर्यंत पोचते ते बघावं लागतं, आणि त्या वाटांपैकी एक माझ्याच वर्गातून जात होती. दुसरी वाट गृहपाठाची. तळाच्या दहांना आणि वरच्या तिघांना तेच प्रश्न विचारा: गृहपाठ कुठे बसून करतोस? किती वाजता? अडलं तर कुणाला विचारतोस? शेवटच्या प्रश्नाला ‘कुणालाच नाही’ हे उत्तर आलं, तर मोठ्यांच्या मदतीशिवाय न होणारा गृहपाठ देणं त्या दिवसापासून थांबवा. प्रकल्प, तक्ते, माहिती गोळा करून आणा, हे सगळं पालकांना गुण देणं आहे. याबद्दल माझं मत कडक आहे, आणि ते मी बदलणार नाही.

मग स्वतःला तपासा

हे शेवटी ठेवलंय, कारण आधी सांगितलं तर कुणी पुढे वाचत नाही.

एका आठवड्याच्या तासांत कुणाला प्रश्न विचारला, त्याच्या नावापुढे रेघ मारा. स्वतःला जमत नसेल तर वर्गातल्याच एखाद्या मुलाला हे काम द्या, ती अचूक करतात. माझ्या पहिल्या आठवड्यात मागच्या दोन रांगांमध्ये प्रश्न गेले ते बहुतेक असे: ‘काय चाललंय तिकडे?’

मग प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता ते मोजा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं, की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि हुशार समजलेल्या मुलांसाठी जास्त थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मी मनात ‘एक बाक, दोन बाक, तीन बाक’ म्हणते.

बसण्याच्या जागा बघा. रे रिस्ट यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक बालवर्ग आहे. आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर बसवलं. तोवर एकही चाचणी झालेली नव्हती. कपडे, बोलण्याची ढब, घरची परिस्थिती यांवरून वाटणी झाली. पहिलं टेबल शिक्षिकेच्या सगळ्यांत जवळ. दोन वर्षं उलटली तरी खालच्या टेबलांवरचं एकही मूल वरच्या गटात गेलं नव्हतं. हे वाचल्यावर मी माझे सुरुवातीचे आठ दिवस आठवून पाहिले आणि ते मला आवडले नाहीत.

अपेक्षेच्या प्रभावावरचा रॉबर्ट रोझेंथाल आणि लिनोर जेकबसन यांचा १९६८चा प्रयोग प्रसिद्ध आहे: ‘ही मुलं यंदा झेप घेतील’ म्हणून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडलेली नावं शिक्षकांना दिली, आणि खालच्या इयत्तांत त्या मुलांची प्रगती खरोखर जास्त दिसली. त्यावर पुष्कळ टीका झाली, परिणाम सांगितला जातो तितका मोठा नसावा असं पुढच्या अभ्यासांतून दिसतं. मी त्यातून एवढंच घेतलं, की मागच्या शिक्षकाचा शेरा मी वर्षाचे पहिले तीन आठवडे वाचत नाही.

उपाय एका वेळी एकच

पानं भरली की एका मुलापुढे तीनतीन कारणं दिसतील. सगळ्यांवर एकदम तुटून पडू नका, नाहीतर सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळणार नाही. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खालचं कारण आधी: जागा बदलणं, चष्मा, सोमवार-मंगळवार. तीन आठवडे द्या, मग तीच चाचणी.

ज्यांचं एकच कौशल्य अडलंय त्यांना इयत्ता विसरून एकत्र बसवा. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ म्हणून नेमलेल्या तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन पायाभूत वाचन-गणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली त्याचे निष्कर्ष दिले: गुण वाढले, आणि वाढ मुख्यतः त्या बाहेर नेलेल्या मुलांचीच होती. त्या तरुणींकडे शिक्षकांचं प्रशिक्षण फारसं नव्हतं. त्या मूल जिथे होतं तिथून सुरुवात करत. मात्र असा गट कायमचा ठेवू नका. कौशल्य जमलं की गट मोडायचा, नाहीतर रिस्टचं तिसरं टेबल तयार झालंच समजा.

वर्ष संपताना मी वहीतलं प्रत्येक पान एका ओळीत आणते आणि पुढच्या शिक्षकाला देते. त्यात ‘हुशार’, ‘ढ’, ‘आळशी’ असले शब्द नसतात. त्या पहिल्या ३८४ वाल्याची ओळ अशी होती: ‘वर शून्य असेल तर वजाबाकीत अजून अडतो, दशक मोडून दाखवलं की लगेच जमतं, उदाहरण आधी एकदा वाचून दाखवावं, उजवा कान कमी ऐकतो, म्हणून खिडकीच्या बाजूला बसवू नये.’